समोरची बाजू

“दोन्ही बाजू मोजल्यास ना, ताई? नकाशाबरहुकूम आहेत की नाही?” माझ्या भावाने, दिगूने टेप गुंडाळायला घेतली.

होत्या. माझ्या वाटणीच्या त्रिकोणी तुकड्याची विहिरीपासून एक बाजू साठ मीटर, दुसरी ऐंशी. नकाशात त्यांच्यामध्ये काटकोन होता, म्हणजे समोरची बाजू शंभर भरायला हवी. मी टेप त्याच्या हातून घेतली आणि टोकांच्या दोन दगडांमधलं अंतर मोजलं. सत्तर.

एका दगडाभोवतीची माती नुकतीच उकरलेली होती. मी नकाशाच्या पाठीवर कोसाइनचा नियम मांडला. कोन अठ्ठावन्न अंश. बाजूंना हात न लावता माझ्या सख्ख्या भावाने माझी जमीन आवळली होती.

“अगं, बाजू तर त्याच आहेत!” तो म्हणाला.

अकरावीत तो गणितात नापास झाला, तेव्हा उदबत्तीच्या दोन काड्या टोकाशी जुळवून मीच त्याला दाखवलं होतं, की बाजू त्याच ठेवल्या तरी कोन मिटला की आतली जागा कमी होते. तीनदा दाखवलं. तो नुसती मान हलवत होता.

इतकी वर्षं मला वाटायचं, त्याला ते कळलंच नाही.