भेगेतली माणसं

मुसळधार पावसात सकाळी सात वाजता पोलादपूरच्या एका वाडीमागे डोंगराला भेग पडली आणि तिच्यात जुने सांगाडे उघडे पडले. वाडी रिकामी करा, असा तहसीलचा निरोप आला. वाडीतल्या आवडीने भेगेच्या काठावर नारळ ठेवला.

"आमचे वाडवडील हितं पुरलेले हायत. त्यांना टाकून जायचं नाय."

सांगाडे बघायला आलेल्या महाडच्या आम्रपालीने हिमालयापलीकडच्या उंच वाळवंटात प्राचीन शिकाऱ्यांची दफनं उकरली होती. ती भेगेत वाकून बराच वेळ बघत राहिली.

"मावशी, तिकडे मेलेल्याचे गुडघे पोटाशी दुमडायचे, वर दगड रचायचे. पुरलेलं माणूस ओळखू येतं."

"मग हे?"

"सगळे पालथे आहेत. हात डोक्यावर. एकीच्या पोटाखाली मूल आहे. यांना कुणी पुरलेलं नाही, यांच्या अंगावर डोंगर आला."

आवडीने काठाकडे पाहिलं. काठ खचून नारळ आत गेला होता. पाऊस सुरूच होता.