फाटकाबाहेरचं मूल

“ताई, तुमचा पळपुटा सापडला!” दफ्तरखान्यातला म्हातारा कारकून म्हणाला आणि त्यानं एक जाडजूड वही टेबलावर आपटली. धुरळ्यानं ताईंना शिंकच आली.

ताईंनी टपाल कचेरीत अख्खी नोकरी चुकलेल्या पत्त्यांची पत्रं मार्गी लावण्यात घालवली. पण स्वतःचे आजोबा काही हाती लागत नव्हते. दोन वर्षं त्या बोटींच्या याद्या, तुरुंगाची दफ्तरं, परगावच्या विवाहनोंदी पालथ्या घालत होत्या. बायको आणि तीन वर्षांचं पोर टाकून पळालेला माणूस आणखी कुठे शोधायचा? तो पळाला, असं आजी मरेपर्यंत सांगत होती. बाबांनी त्या रागापायी जन्मभर वडिलांचं नाव तोंडातून काढलं नाही. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी, अंथरुणाला खिळल्यावर एवढंच म्हणाले, “कुणासाठी सोडलं आम्हाला, तेवढं कळू दे.”

वही शहराच्या टोकाच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळाची होती. ज्या आठवड्यात आजोबा पळाले म्हणत, त्याच आठवड्यात ते तिथे दाखल झाले होते. घरापासून जेमतेम दोन मैलांवर! तीन वर्षांनी नावापुढे ‘मृत’. मधल्या पानांवर भेटीला येणाऱ्यांची नोंद होती. दर मंगळवारी एकच ओळ: ‘पत्नी. मूल फाटकाबाहेर.’ लहान मुलांना आत यायला मनाई होती.

“आजी खोटं बोलली?” ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“क्षयाचा बभ्रा झाला असता, तर त्यांना राहायला खोली तरी कुणी दिली असती का?” कारकून हळूच म्हणाला. “नवरा पळाला म्हटलं, की लोक निदान हळहळतात.”

ताई तडक घरी आल्या. उशाशी बसून बाबांना सगळं सांगितलं.

“लोखंडी फाटक होतं,” बाबा म्हणाले. “आई तिथे धुणं धुवायला जाते, असंच मला वाटायचं. मला फाटकाशी उभं करायची, म्हणायची, इथून हलायचं नाही. मग वरच्या खिडकीत एक हाडकुळा माणूस यायचा. नुसता माझ्याकडे बघत राहायचा. मला राग यायचा. मी त्याला जीभ काढून दाखवायचो.”

“मग?”

“तोही काढायचा.”