हस्ते कोण?

अनंतरावांचं बोट शनिवारच्या नोंदीवर थांबलं. ‘किरकोळ खर्च, रुपये पस्तीस, हस्ते’ आणि पुढं काहीच नाही.

“हस्ते कोण, वहिनी?”

वनमालाबाईंनी टाक दौतीत बुडवला आणि तिथंच ठेवला.

घाटकोपरच्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याचे मालक दोन, अनंतराव आणि वनमालाबाईंचे यजमान दत्ताराम. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मात्र बाईंच्या हातची. पैसा ज्याच्या हातून गेला त्याचं नाव नोंदीशेवटी पडलंच पाहिजे. सुतळी आली, हस्ते लवू. मैदा आला, हस्ते लवू. यजमानांनी पैसे उचलले की तेवढी जागा कोरी. लग्नात उखाण्यात घेतलं ते घेतलं. त्यानंतर नवऱ्याचं नाव त्यांनी ना तोंडानं घेतलं, ना लिहिलं. ती जागा दत्ताराम सवडीनं स्वतः भरायचे. हल्ली सवड होत नव्हती. शनिवारी तर नाहीच. शनिवारी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे पळत.

“लवूनं नेले असतील,” दत्ताराम म्हणाले. बाहेरची कामं तोच करतो, पैसे त्याच्या पगारातून कापू, आणि असला माणूस यापुढं ठेवायचा की नाही तेही आजच ठरवून टाकू, असं त्यांनी फार न थांबता सांगितलं.

लवू दारातच उभा होता, खळीनं भरलेले हात अंगापासून लांब धरून. “वैनीनू, मी मैद्याचे तेवढे नेलंय. ते लिवलेले आसत.”

ते लिहिलेले होतेच. पण कोऱ्या जागेत कोणाचंही नाव बसतं.

“यांनी नेले,” वनमालाबाई वहीकडे बघत म्हणाल्या.

“यांनी म्हणजे कुणी?” दत्ताराम हसले. “अनंताही ‘यांनी’च की. नाव सांग ना.” बायको ते सांगणार नाही, या भरवशावर ते हसत होते, आणि भरवसा लग्नाइतका जुना होता.

अनंतरावांनी भागीदाराकडे पाहिलं नाही. “वहिनी, ‘हे’ नावाचं खातं आपल्या वहीत नाही. उखाण्यात घ्या हवं तर, पण नाव लागेल. नाहीतर मला लवूचा हिशेब करावा लागेल.”

लवूनं एक हात चड्डीला पुसला, मग दुसरा. कारखान्यात कातरीचा आवाज बंद पडला होता.

वनमालाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. टाक उचलला. ‘किरकोळ खर्च’वर आडवी रेघ ओढली आणि वरच्या अंगाला, वसुलीचं येणं म्हणून, सावकाश, एकेक अक्षर बसवत लिहिलं: दत्ताराम यांचे नावे रुपये पस्तीस.

दत्तारामांनी वाकून वाचलं. हसू गेलं.

“नवऱ्याचं नाव घेतेस? चारचौघांत?”

“घेतलं कुठं?” बाई म्हणाल्या. “नावे टाकलंय.”

त्यांनी अक्षरांवर टीपकागद दाबला, पान मागं उलटलं आणि टाक पुन्हा दौतीत बुडवला. मागचा शनिवारही कोराच होता.