पुस्तकातलं मनगट

पडद्यावर मुंबईचे मोठे डॉक्टर नव्या तज्ज्ञांना सांधेवात शिकवत होते. सौंदडच्या सुलोचनाबाईने तालुक्याच्या दवाखान्यात कॅमेऱ्यापुढे हात धरले. "बांगड्या काढा, मनगटाची सूज दिसू द्या," पडदा म्हणाला. साबण लावला, पण सुजलेल्या सांध्यांवरून काच उतरेना. "वाढवाव्या लागतीन, काकू," नर्स पुटपुटली. फोडणं हा शब्द तिनेही टाळला. नवरा बाहेर बाकावर धडधाकट बसलेला. तरी सुलोचनाबाईने डोळे मिटून हात पुढे केले. काचा टेबलावर सांडल्या. "वा! पुस्तकातलं मनगट!" डॉक्टर खुलले. मनगट डावी-उजवीकडे वळवता वळवता तास संपला आणि पडदा काळा झाला. ती बाहेर येताच भुंडे हात बघून नवरा ताडकन उठला. "काऊन व, मी मेलो का? अन् दवाई कोणती देल्ली?" "दवाईचं कोनी बोल्लंच नाही," ती म्हणाली, "हात मात्र लय आवडले त्याहिले."