पस्तीसची की पन्नासची?

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: भर बाजारात एक मामा उभा आहे, गळ्यात कॅमेरा आणि दोन हातांत दोन लेन्स. रस्त्यावरच्या फोटोंच्या स्पर्धेचा आज शेवटचा दिवस.

"पस्तीसच्या लेन्समध्ये अख्खी गल्ली मावते, पन्नासच्या लेन्समध्ये माणूस जवळ येतो. कुठली लावू गं?" त्याने भाचीला दहाव्यांदा विचारलं.

"मामा, कुठलीही लाव, पण लाव!"

तेवढ्यात सलूनमधला टॉवेल तोंडात धरून एक कुत्रा सुसाट पळाला. मागे फेसाने माखलेले, अर्धी दाढी झालेले आजोबा! त्यांनी टॉवेल हिसकावून घेतला, तेव्हा कुठे मामाची पस्तीसची लेन्स बसली.

"गेला गं फोटो!" मामा रडकुंडीला आला.



भाचीने आजोबांच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि पुन्हा कुत्र्याच्या तोंडात दिला.