ड्युटी बदलताना

दूध उतू गेलं आणि मी लेकीवर कडाडले, "रचना, तुला बघायला सांगितलं होतं ना?" जहाजावर अधिकारी होण्यासाठी शिकणारी ती मलाच शिकवायला लागली, "आई, तिथे समोर नजर ठेवायची ड्युटी बदलताना पुढचा 'आता माझ्याकडे' म्हणेपर्यंत आधीच्याने हलायचं नसतं. मी कुठे म्हटलं?" "जास्त शहाणी!" म्हणत मी शेगडी पुसली, पण आमच्या आचोळ्याच्या घरात तोच कायदा झाला. आज ती पहिल्या जहाजावर निघाली. तिच्या बाबांनी पातेल्यापाशी येऊन "दूध माझ्याकडे" म्हटलं, मगच मी तिला सोडायला खाली उतरले. टॅक्सीत बॅगा चढल्या. वेळेवर जेव, केस ओले ठेवू नकोस, सगळं सांगून झालं तरी तिचं मनगट माझ्या हातातून सुटेना. ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती हसली. ताठ उभी राहून म्हणाली, "आई, रचना आता माझ्याकडे."