घरून जाऊन-येऊन

आईच्या दंडावर तीन रंगांचे डाग होते: कालचा जांभळा, पाच दिवसांपूर्वीचा हिरवट आणि त्याच्याही आधीचा पिवळा. शेजारी मुलगी प्रवेशाचा फॉर्म भरत होती. मेडिकल, डेंटल, होमिओपॅथी, पशुवैद्यकीय. चारही प्रकारची कॉलेजं तिने निवडली होती. चारही याच शहरातली, घरून जाऊन-येऊन करता येतील अशी.

बाबांनी स्क्रीनवर वाकून पाहिलं. "एवढे मार्क मिळवून गुरांचे दात मोजणार? राजधानीतलं सरकारी मेडिकल कुठंय यात?"

"मला घरीच राहायचंय, बाबा."

"ही हिचीच शिकवण!" त्यांनी आईचा हात टेबलाच्या ड्रॉवरमध्ये दाबून धरला आणि गुडघ्याने ड्रॉवर बंद केला. मग पुन्हा एकदा, जास्त जोरात. हाड मोडल्याचा आवाज अगदी लहान आणि कोरडा होता. ते शर्टाच्या बाह्या नीट करून कामाला निघून गेले.

मुलीने मोडलेली दोन बोटं पेन्सिलीच्या आधाराने एकत्र बांधली. "म्हणून मी इथून हलत नाही, आई. मी गेले, तर ते तुला जिवंत ठेवणार नाहीत."

आई त्या पेन्सिलीकडे पाहत राहिली. 'हिचं शिक्षण मार्गी लागू दे, मग बघू,' असं ती अठरा वर्षं स्वतःला सांगत आली होती.

"राजधानीतलं भर," ती म्हणाली. "आणि हॉस्टेल नको. दोघींना पुरेल अशी खोली बघ."